रायवळाच्या उंचीपर्यंत

माझ्या इंजिनाबद्दल आमच्या कॉलनीत जे बोललं जातं, त्यातलं निम्मं खोटं आहे. कोकम सरबत मी त्याला मुद्दाम पाजलं नव्हतं, आणि पोलिसाला पेट्रोल पाजायचा आमच्या घरात कुणाचाही विचार नव्हता. उरलेलं निम्मं खरं आहे. ते मीच सांगतो, म्हणजे निदान क्रम तरी चुकणार नाही.

इंजिन म्हणजे केवढं, तर सोललेल्या नारळाएवढं. टू-स्ट्रोक, पेट्रोलवर चालणारं, मॉडेल विमानाच्या नाकावर बसणारं. आमच्या सलोनीनं माझ्या निवृत्तीची भेट म्हणून विमानासकट पुण्याहून पाठवलं. 'बाबा, आयुष्यभर फळ्यावर काढलंत, आता खरं चालवून बघा,' अशी चिठ्ठी होती. पोरीनं प्रेमानंच लिहिलं, पण मला ते जरा लागलं. एकतीस वर्षं मी हायस्कूलला विज्ञान शिकवलं. माझ्याइतकं सुबक टू-स्ट्रोक इंजिन अख्ख्या रत्नागिरी तालुक्यात फळ्यावर कुणी काढत नाही, असं तपासणीला आलेले साहेब स्वतः म्हणाले होते. आत जाणारं मिश्रण निळ्या खडूनं, बाहेर पडणारा धूर तांबड्या खडूनं. फळ्यावरच्या इंजिनाचा मोठा गुण असा, की ते सुरू करावं लागत नाही.

खरं इंजिन मी व्हरांड्यात एका जुन्या स्टुलाला आवळून बसवलं. पंखा हातानं फिरवायचा नसतो, बोटं जातात, म्हणून विमलाचं लाटणं घेतलं. दोन दिवसांत ते सुरूही झालं. पण सुरू होणं वेगळं आणि नीट चालणं वेगळं. त्याच्या कार्बोरेटरला दोन बारीक स्क्रू असतात, एक हळू चालीचा आणि एक वेगाचा. पिळला की पेट्रोल कमी जातं, सैल केला की जास्त. एवढंच शास्त्र. पण ते दोन स्क्रू म्हणजे एका स्वयंपाकघरातल्या दोन जावा. एकीची समजूत काढावी तर दुसरी रुसते. हळू चाल जमली की रेस देताना इंजिन 'ढुस्स' करून गप्प, आणि रेस जमली की हळू चालीत ते खोकत खोकत तेल थुंकायचं, तेही नेमकं विमलाच्या वाळत घातलेल्या चादरीवर.

शेजारचे बाबूराव भाटकर पहिल्या दिवसापासून खुर्ची घेऊन हजर. बाबूराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. "सर, तीस वर्षं इंजिनाबरोबर काढल्येत मी," ते म्हणायचे, "मला इंजिनातलं सांगू नका." एसटीत इंजिन पुढे असतं आणि कंडक्टर मागे, हे मी शेजारधर्म म्हणून बोललो नाही. त्यांचा सल्ला एकच, "मोकळेपणी रेस द्या, घाबरताय कसले!" आणि मी रेस दिली की ते खुर्चीच्या दांड्यावर किल्लीनं दोनदा 'ठण ठण' वाजवायचे. डबल बेल दिल्याशिवाय काहीही हलू नये, अशी त्यांची श्रद्धा आहे.

आणखी एक श्रोता होता, पण त्याकडे तेव्हा माझं लक्ष नव्हतं. गुणवंती, आमची मासेवाली. पूर्णगडहून पहिल्या एसटीनं येते आणि साडेनऊच्या सुमाराला आमच्या पायरीवर टोपली उतरवते. मासे निवडून होईपर्यंत ती व्हरांड्याकडे कान देऊन उभी राहायची आणि विमलाला म्हणायची, "मास्तरांचं लय वरडतंय हो." मी हे कौतुक समजत होतो.

आता पेट्रोल. पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत. तिथल्या माणसानं मला भिंतीवरचा नियम दाखवला. मी आयुष्यभर नियमच शिकवत आलो, त्यामुळे वाद घालता येईना. मग विमलाच्या स्कूटरमध्ये भरून आणायचं आणि घरी नळी लावून काढून घ्यायचं, असा शास्त्रीय मार्ग मी काढला. नळी तोंडानं ओढावी लागते. पेट्रोल कधी येईल हे दिसत नाही, आलं की मात्र कळतं. तेव्हापासून मला चहालासुद्धा पेट्रोलचा वास येत होता. चौथ्या दिवशी विमला साळवी स्टॉपला भर उन्हात स्कूटर ढकलताना कॉलनीतल्या चार बायकांना दिसली, कारण टाकीत मी थेंबही ठेवला नव्हता. त्यात तिला सर्दी झालेली. घरी आल्यावर ती फक्त "अहो" म्हणाली. पस्तीस वर्षांच्या संसारात मला ते पुरेसं आहे.

पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं. माझं ऑइल लाल होतं. आणि कोकम सरबताची रिकामी काचेची बाटली फेकणं हा आमच्या घरात गुन्हा असल्यामुळे ते लाल मिश्रण मी अशाच एका बाटलीत भरलं. बाटलीवर चिठ्ठी लावणारच होतो. फक्त 'इंधन' लिहावं की 'मिश्रण', यावर विचार चालू होता. तो चालू असतानाच विमलानं व्हरांडा झाडला, आणि उन्हात सरबत खराब होईल म्हणून बाटली उचलून आत नेली. मी आत गेलो, सरबताच्या ओळीत आपली बाटली पाहून चरफडलो आणि उचलून बाहेर आणली. म्हणजे एक बाटली आणली. कुठली, ते पुढे कळलं.

त्याच सकाळी गणवेशातला एक हवालदार फाटकातून आत आला. कॉलनीच्या सेक्रेटरींनी 'व्हरांड्यातील अज्ञात यंत्राचा असह्य आवाज' असा अर्ज दिला होता. अज्ञात काय! त्यांना मी दोनदा आकृती काढून समजावलं होतं.

"सर, ओळखलंत? मी केतन. दहावी ब, सत्त्याण्णव."

"अरे, केतन!" मी म्हणालो. ओळखलं नव्हतं.

"टू-स्ट्रोकच्या आकृतीत बाण उलटा काढला म्हणून तुम्ही मला शून्य दिलं होतं. पाचपैकी शून्य. आकृती बरोबर होती सर, फक्त बाण उलटा."

"बाण उलटा म्हणजे धूर आत जातो, केतन."

"ते आता कळलं, सर. पण निदान दोन तरी द्यायचेत." सत्तावीस वर्षं त्या दोन मार्कांची हळहळ घेऊन हा माणूस रत्नागिरीत कायदा राखत होता.

विमलानं नाक पुसत सरबताचा ग्लास आणून त्याच्या हातात दिला. मी म्हणालो, "तू बस, सरबत घे, मी तुला इंजिन चालवूनच दाखवतो. बाण कुठून कुठे जातो ते डोळ्यांनी बघ." टाकी भरली, लाटणं मारलं. जुन्या पेट्रोलवर दोन क्षण ते चाललं, मग त्यानं एक शिंक दिली, गळा काढला आणि थांबलं. धुराच्या नळीतून गुलाबी, चिकट काहीतरी गळायला लागलं. त्याच वेळी मागून केतन फार जपून म्हणाला, "काकू, ह्या सरबताला पेट्रोलचा वास येतोय."

"मला सर्दी आहे रे," विमला म्हणाली, "कशालाच वास येत नाही." आणि मला नळी ओढल्यापासून सगळ्यालाच पेट्रोलचा वास येत होता. अशा दोन नाकांच्या घरात दुसरं काय होणार! केतननं ग्लास ओठांना लावला नव्हता, ही त्याची पोलिसी बुद्धी. बाबूरावांनी मात्र हे दुपारच्या आत अख्ख्या कॉलनीत पोचवलं, आणि प्रत्येक दारात केतननं एक घोट जास्त घेतला.

इंजिनाला दोन तासांत मुंग्या लागल्या. सुटे भाग मी ताटात मांडून पेट्रोलनं धुतले, पुन्हा जोडले. एक वॉशर उरला. तो कुठला, ते अजून कळलेलं नाही.

केतननं जुना विद्यार्थी म्हणून अर्ज दाबला नाही आणि मला नोटीसही दिली नाही. त्यानं तोडगा काढला. "सर, रविवारी गावाबाहेर सड्यावर चला, त्या कातळाच्या मोकळ्या माळावर. तिथे एकदा चालवून, उडवून दाखवा. जमलं तर इथून पुढे सड्यावरच चालवायचं. नाही जमलं तर इंजिन खोक्यात घालून माळ्यावर. मी सेक्रेटरींना तसा शब्द देतो." मी ताठ मानेनं हो म्हटलं. संध्याकाळी कळलं, की त्यानं जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलंय: 'नागवेकर सरांचं इंजिन. रविवार, सकाळी नऊ, सडा. बाण बघायला या.' चाळीस जणांनी अंगठे दाखवले होते.

चाळीस! ह्या चाळीसांना मी 'इंजिन कसं चालतं ते लिहा' म्हणून छळलेलं. ज्यांना जमलं नाही त्यांना सगळ्या वर्गासमोर उभं केलेलं. आता उभं राहायची पाळी माझी होती. खरं सांगतो, मला भीती वाटली. माळ्याची नाही. इंजिन चाललं नाही तर एकतीस वर्षं मी नुसते खडू झिजवले, असं माझं मलाच वाटलं असतं.

 उडवण्याचा सराव मी सलोनीनं पाठवलेल्या कॉम्प्युटरवरच्या खेळात केला होता. त्यात माझी दोनशे अकरा विमानं पडली, पण शेवटची सहा उतरली. आता परवानगी हवी होती, म्हणून एका कार्यालयात गेलो, तिथून दुसऱ्यात, दुसऱ्यानं पुन्हा पहिल्यात पाठवलं. तिथल्या कारकुनानं छापील कागद पुढे ओढला.

"प्रवासी किती?"

"शून्य."

"वैमानिक?"

"मीच."

"म्हणजे माणसं एक."

"मी आत नसतो. मी खाली जमिनीवर उभा असतो."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मग वर कोण?"

"वर कुणी नाही."

"वर कुणी नाही, तरी विमान चाललंय, आणि तुम्ही खालून बघताय." तो बाजूच्या टेबलाकडे वळून म्हणाला, "असं आपल्याकडे कॉलमच नाही हो." तीन खेपा झाल्या, दोनदा झेरॉक्स झाली, एकदा केतनचा फोन झाला. अखेर कागद हातात पडला. 'एक यांत्रिक प्रात्यक्षिक, रविवार सकाळ, सड्यावर, आंब्याच्या झाडाच्या उंचीपर्यंत.'

बाबूरावांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "कलमाच्या की रायवळाच्या?" त्यांनी विचारलं.

प्रश्न बरोबर होता. कलम म्हणजे शिडी लावून आंबा काढावा एवढं. रायवळ म्हणजे वर बघताना डोक्यावरची टोपी मागे पडते. मी म्हटलं, "लिहिलेलं नाही."

"मग रायवळ धरा," बाबूराव म्हणाले. एसटीत राहिलेल्या माणसाला नियमातली जागा बरोबर दिसते.

शनिवारी सकाळी मी शेवटची तयारी करत होतो. फेरे मोजायचा मीटर लावला होता. वेगाचा स्क्रू पिळत पिळत मी मीटर अगदी टोकाला नेला. इंजिन कर्कश किंचाळत होतं. मीटरवरचा आकडा पाहून माझा ऊर भरून आला, आणि दहाव्या सेकंदाला ते गप्प. पुन्हा सुरू, पुन्हा टोक, पुन्हा गप्प. पाचव्या खेपेला पायरीवरून आवाज आला.

"मास्तर, त्याला उपाशी का ठेवताय?"

गुणवंती कंबरेवर हात ठेवून उभी होती. मी लाटणं खाली ठेवलं. "गुणवंती, हे मीटर बघ. सगळ्यात जास्त फेरे इथेच येतात."

"मीटर मला काय कळत न्हाय. वरडतंय ते पोटासाठी वरडतंय. माझ्या बापाच्या होडीला मागं मशीन होतं, असंच, मोठं. आमी बायका खाडीच्या तोंडाशी उभ्या ऱ्हायचो. कोण येतंय ते दिसायच्या आधी आवाजावरनं कळायचं. असं बारीक किंचाळत कुणाचं मशीन आलं की आई म्हणायची, पेट्रोल पोचत न्हाय, लाटांत बंद पडणार. आणि एकदा पडलं पण." तिनं टोपलीवरचं फडकं सारखं केलं. "बाप पोहत आला, म्हणून मी आज बोलतेय. सैल करा ते, जरासं. आणखी. हां, आता रेस द्या."

मी सैल केला. किंचाळणं गेलं, आवाज भरडा झाला. मीटर खाली आला, माझं तोंडही.

"आता गुरगुरतंय बघा," ती म्हणाली. "मशीन जरा गुरगुरतंच ठेवायचं. अगदी पार ताणायचं न्हाय, वर गेल्यावर त्याला हात कोण लावणार?" आणि टोपली डोक्यावर घेऊन "बांगडं घ्येव बांगडं" करत पुढच्या घरी गेली. ती फाटकाबाहेर गेली तरी इंजिन चालूच होतं. अर्धा तास चाललं. बाबूरावांनी सात वेळा डबल बेल दिली.

इथे शहाणा माणूस थांबला असता. पण माझा स्वभाव मास्तरी. मला शंभरपैकी शंभर लागतात, आणि टोक शंभर धरलं तर मीटर सरळ सरळ ब्याण्णव दाखवत होता. शिवाय, एकतीस वर्षं शिकवून शेवटी इंजिन लावलं कुणी, तर मासेवालीनं, हे मनात कुठेतरी टोचत होतं. रविवारी सकाळी चहा घेता घेता, विमलाची पाठ फिरल्यावर, मी तो स्क्रू हळूच पाव फेरा पिळला. केला गाढवपणा, कबूल करतो.

सड्यावर गवत पिवळं पडलेलं, खाली काळा कातळ, आणि सड्याच्या कडेला एकच थोराड रायवळ. चाळीस नव्हे, साठ माणसं जमली होती. कुणाचं टक्कल, कुणाची पोरं, कुणी डबे घेऊन आलेलं. सगळे "सर, सर" करून पाया पडत होते. विमला घरी राहिली होती. "मी तिथे येऊन तुमचं तोंड बघू शकणार नाही," असं ती म्हणाली, आणि ते काळजीनंच म्हणाली.

मी विमानाच्या नाकावर बसवून आणलेलं इंजिन सुरू केलं. रेस दिली. ते किंचाळलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दहाव्या सेकंदाला ते बंद पडलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा सड्यावर इतकी शांतता झाली, की डबे उघडायचे आवाज ऐकू आले. मागून केतन हळूच म्हणाला, "सर, बाण उलटा तर नाही ना?" कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मला काय करायला हवं ते ठाऊक होतं. पण मला भरवसा उरला नव्हता, ना मीटरवर, ना माझ्यावर. घड्याळात साडेनऊ झाले होते, म्हणजे गुणवंती आमच्या पायरीवर असणार. साठ माणसांसमोर मी खिशातून फोन काढला आणि विमलाला लावला. "गुणवंती आहे का? तिला दे," म्हणालो. केतननं फोन स्पीकरवर टाकून इंजिनाजवळ धरला.

"लावा बघू," फोनमधून आवाज आला. मी लावलं. ते किंचाळलं.

"परत पिळलंत ना मास्तर?"

"हो," मी पुटपुटलो.

"काय? ऐकू न्हाय आलं!"

"हो, पिळला! मीच पिळला!" मी ओरडलो. दहावी बच्या घोळक्यात कुणीतरी खुदकन हसलं.

"सोडा मग. आणखी. आणखी थोडं. हां... ऱ्हावू द्या."

इंजिन भरड्या आवाजात गुरगुरू लागलं. एक मिनिट, दोन, तीन. मी उठून उभा राहिलो. "मुलांनो," म्हणालो, "फोनवर पूर्णगडच्या गुणवंतीबाई आहेत. इंजिन त्यांनी लावलंय. मी शिकवलेल्या धड्यात एवढीच गोष्ट राहून गेली होती, ती आज त्यांनी पुरी केली. आणि केतन, तुझे दोन मार्क आजपासून धरले." केतननं एका हातात फोन होता तरी कडक सॅल्यूट ठोकला.

बाबूरावांनी किल्लीनं डब्यावर 'ठण ठण' केलं. विमान कातळावरून धावलं, उसळलं आणि उडालं! अहो, खरंच उडालं. निळ्या आकाशात ते पांढरं विमान वळताना बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यामुळेच पुढचं नीट दिसलं नाही. उतरवायचं म्हणून हातातल्या रिमोटवर रेस कमी केली आणि डावीकडे वळवलं, पण माझ्याकडे तोंड करून येणाऱ्या विमानाचं डावं म्हणजे माझं उजवं, हे त्या क्षणी सुचलं नाही. विमान शांतपणे सड्याच्या कडेला गेलं आणि रायवळाच्या शेंड्यात जाऊन बसलं. दोन पंख दोन फांद्यांवर, नाक मोकळ्या हवेत.

बाबूरावांनी खिशातला परवानगीचा कागद काढला. "झाडाच्या उंचीपर्यंत," ते जाहीरपणे म्हणाले. "सर तसूभरही वर गेलेले नाहीत."

आम्ही सगळे झाडाखाली जमलो. वर बघताना दोघांच्या टोप्या पडल्या. आणि मग सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं, की वर इंजिन चालूच आहे. हळू चालीत, एका लयीत, न खोकता, न तेल थुंकता. महिनाभर जी चाल मी रात्रंदिवस शोधत होतो, ती ही. केतननं फोन हात उंच करून वर धरला.

"आता बरोबर वाजतंय," गुणवंती म्हणाली. "मास्तर, आता हात लावू नका."

"नाही लावत," मी म्हणालो.

इंजिन बंद करायचं बटण माझ्या हातातल्या रिमोटवर होतं. मी ते दाबलं नाही. टाकी संपेपर्यंत आम्ही सगळे तिथेच मान वर करून ऐकत उभे राहिलो.